हिरवी भाजी न खाणारं लेकरू: कुठून सुरू करायचं, किती द्यायचं, कुठे बिघडतं

धुऱ्यावरची बोर

लेकरू वरण-भात खातं, बटाटा खातं, अंडं खातं, पण हिरवं दिसलं की ताट सारतं, अशा घरांसाठी हा धागा काढतोय. इथे कृती, प्रमाण आणि काय चुकतं तेवढंच लिहू या. 'लेकराला शिस्त नाही' हा विषय नको, त्यातून कुणाच्या पोटात भाजी जात नाही.

'भाजी खात नाही' ही एक तक्रार नसते. कुणाला कडूपणा नको असतो (मेथी, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, कारलं). कुणाला दातात अडकणारा चोथा नको असतो (जून पालकाचे देठ, गवारीच्या शिरा, अंबाडीचे दांडे). कुणाला बुळबुळीतपणा नको असतो (भेंडी, घोळ). आणि आपल्याकडे खेड्यात सगळ्यात जास्त सापडणारं कारण तिखट हे आहे. पालेभाजी म्हणजे हिरव्या मिरचीत परतलेली, हेच समीकरण असल्यामुळे लेकराच्या लेखी हिरवा रंग ही तिखटाची खूण होते. मग मिरची नसलेली पालक समोर ठेवली तरी ते ती चाखत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे कारण ओळखणं. भाजी बिनमिरचीची शिजवा आणि अगदी वाटाण्याएवढा घास द्या. तोंडात जाताच चेहरा वाकडा झाला तर अडचण चवीची. चावत राहून शेवटी चोथा बाहेर काढला तर अडचण चोथ्याची, म्हणजे निवडण्या-चिरण्यात सुधारणा हवी. न चाखताच नको म्हणालं तर ती अनोळखी अन्नाची भीती. दोन ते सहा या वयात ती सर्वांत जास्त असते आणि वाढीचाच भाग आहे.

या भीतीवर उपाय एकच, पुन्हापुन्हा थोडंथोडं. नवी भाजी आवडायला लागायच्या आधी आठ-दहा वेळा चाखावी लागते, कडू भाजीला पंधरा वेळाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या नकाराला 'याला आवडतच नाही' असं ठरवून मोकळी होतात. आठ-दहा वेळा म्हणजे आठ-दहा वाट्या नव्हेत, आठ-दहा घास. आठवड्यातून तीनदा एकच भाजी ठेवली तर महिन्याभरात तेवढे घास होतात. एका वेळी एकच भाजी घ्या. सोमवारी पालक, मंगळवारी मेथी, बुधवारी शेपू असं केलं की प्रत्येक दिवशी लेकरासमोर नवीनच वस्तू येते.

क्रम साधारण असा चालतो: डाळभाजीतला पालक, मग चवळाई किंवा माठ, मग हरभऱ्याची भाजी, मग कोवळी मेथी, मग अंबाडी. मुनग्याचा पाला आणि तरोटा (टाकळा) त्यानंतर. कारल्याची घाई अजिबात नको.

चुलीपाशी

डाळभाजीपासून सुरुवात हे शंभर टक्के पटलं. चार माणसांचं प्रमाण देते.

तूरडाळ एक वाटी, हरभऱ्याची डाळ एक मोठा चमचा, शेंगदाणे दोन मोठे चमचे. हरभरा डाळ आणि शेंगदाणे दोन तास भिजवायचे. सगळं मिळून कुकरला तीन-चार शिट्ट्या. पालक कुकरमध्ये टाकायचा नाही, बिघाड बहुतेक इथेच होतो. बंद भांड्यात पानातलं आम्ल बाहेर जात नाही, ते हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हटवतं आणि भाजी शेवाळी-तपकिरी होते. वासही उग्र येतो. लेकरू आधी डोळ्यांनी खातं, तो रंग पाहूनच ते मागे सरतं.

पालक वेगळा करायचा. देठ पानाच्या बुडापाशी खुडून टाका, फक्त पान घ्या. पाणी खळखळ उकळू द्या, झाकण न ठेवता पानं दोन मिनिटं त्यात सोडा, काढून गार पाण्यात टाका, पिळा आणि अगदी बारीक चिरा. पहिल्या आठवड्यात एवढ्या डाळीला चिरलेली कच्ची पानं एक वाटी पुरे. पुढच्या आठवड्यात दोन, मग तीन. एकदम तीनवर जाऊ नका.

शिजलेली डाळ घोटून पालक टाका. एक मोठा चमचा बेसन अर्धी वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवून त्याचं आळण लावा आणि ढवळत पाच मिनिटं उकळू द्या. आळण कमी उकळलं तर बेसनाचा कच्चट वास राहतो आणि दोष पालकाला लागतो. मीठ सगळ्यात शेवटी, कारण पाला शिजून पाव होतो आणि आधी अंदाजाने टाकलेलं मीठ चौपट लागतं.

फोडणी दोन मोठे चमचे तेलाची: मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण आठ पाकळ्या, हिंग, हळद. ही बिनमिरचीची फोडणी आधी पूर्ण भाजीवर घाला, लेकरांची भाजी वाटीत काढा, मग मोठ्यांसाठी दुसऱ्या कढल्यात सुकी लाल मिरची तळून उरलेल्या भाजीवर ओता. दोन भाज्या कराव्या लागत नाहीत आणि मोठ्यांनाही फिकं खावं लागत नाही.

पळसफूल

पालक उकळून पाणी फेकलं तर सत्व जात नाही का? मग खाऊन फायदा काय?

वैनगंगाकाठ

काही प्रमाणात जातं. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात. पण पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. दात आंबल्यासारखे होणं, जीभ खरखरीत लागणं हे त्याचंच. ते कॅल्शियम अडवतं आणि उकळत्या पाण्यात त्यातला बराच भाग निघून जातो. नव्याने शिकणाऱ्यासाठी हा सौदा योग्य आहे. गेलेलं क जीवनसत्त्व भरून काढायला ताटात वाढल्यावर अर्ध्या लिंबाचा रस पिळा. त्याने पालेभाजीतलं लोहही शरीराला जास्त मिळतं. लिंबू कढईत मात्र पिळू नका. भाजी काळवंडते आणि उष्णतेने क जीवनसत्त्वही कमी होतं.

मेथीचं पाणी फेकायची गरज नाही. अंगच्या पाण्यातच शिजवा. पालक, अंबाडी, घोळ, चिवळ या आंबट किंवा दात आंबवणाऱ्या भाज्यांना ही रीत ठेवा.

रंग टिकावा म्हणून खायचा सोडा टाकतात, तो टाकू नका. रंग टिकतो, पण ब-१ आणि क जीवनसत्त्व जातं आणि पाला लगदा होतो. लगदा तर लेकरं मुळीच खात नाहीत.

वऱ्हाडी ठेचा

मेथीबद्दल सांगतो. लोक म्हनतात मेथी कडूच असते. कडू असते, पन अर्धी कडू थे आपन करतो. मेथी चिरून ठेवली, मंग घंटाभरानं धुतली, मंग पियून काढली, त रस सुटते अन् कडूपना साऱ्या भाजीत पसरते. आधी धुवा, निथयू द्या, मंग चिरा, अन् चिरली का लगेच कढईत. बारीक कुटल्यासारखी चिरू नका, सुरी धारेची पायजे.

भाजी कोवयीच घ्या. फूल आलेली मेथी लेकरासाठी आनूच नका. पानं तेवढे तोडा, दांडी बाजूले. एक जुडी मेथीले अर्धी वाटी मुंगाची दाय दोन घंटे भिजवून, दोन चमचे शेंगदान्याचा कूट, अन् तेल जरा हात सैल सोडून. तेल कमी केलं का कडूपना उघडा पडते. कढई तापली पायजे. लसून लाल झाला का दाय टाका, थोडं पानी शिंपडून पाच-सात मिनिटं वाफवा. दाय बोटानं दाबली का फुटली पायजे. मंग मेथी टाका, झाकन नाई, तीन मिनिटात खाली. जास्त हलवत बसू नका.

सुरवातीले दायच जास्त अन् मेथी नावाले, अशी करा. एक वाटी दाय अन् एक मूठ मेथी. लेकरू खाऊ लागलं का मूठ वाढवा.

धुऱ्यावरची बोर

ठेचा भाऊ, तेलाचं बरोबर आहे. मीठही कडूपणा दाबतं, स्निग्धांश तो जिभेवर कमी जाणवू देतो. म्हणून पहिल्या काही वेळा तिळाचा किंवा जवसाचा कूट, शेंगदाणे, थोडं तूप यांत कंजुषी करू नये. सवय झाली की तेल कमी करता येतं. कडू आणि कोरडी भाजी पहिल्याच दिवशी दिली तर ती चव डोक्यात बसते आणि पुढचा महिना ती काढण्यातच जातो.

पांदणवाट

पालक वाटून कणकेत मळायचा, लेकराला कळूच द्यायचं नाही, ही युक्ती सगळीकडे सांगतात. कुणाचं मत काय?

चुलीपाशी

पोटात जातं, पण शिकणं होत नाही. वाटून लपवलेल्या पालकाचा रंग, पोत, वास काहीच लेकराला ओळखीचं होत नाही, त्यामुळे ताटातला पालक त्याच्यासाठी नवाच राहतो. आणि एक दिवस कळलं की पोळीवरचाही विश्वास उडतो. मग साधी पोळीसुद्धा उलटून-पालटून पाहतं.

कणकेत घालायचा असेल तर चिरून घाला, दिसू द्या, आणि 'यात पालक आहे' असं सांगा. दोन वाट्या कणकेला चिरलेला पालक एक वाटी, ओवा पाव चमचा, मीठ, एक चमचा तेल. पाणी कमी लागतं, पालकच पाणी सोडतो. पीठ मळून ठेवलं तर अर्ध्या तासात सैल पडतं, म्हणून लगेच लाटा. ज्वारीच्या भाकरीत मेथी घालणार असाल तर पाणी उकळतं घ्या, नाहीतर भाकर थापताना चिरते. चिरलेल्या पाल्यातून वाफ निघून जाते, ती फुगणार नाही, तो दोष समजू नये.

पुडाच्या वडीतला सांबार (कोथिंबीर) सुद्धा शिकवायला चांगला आहे. भरपूर हिरवं असतं आणि तरी लेकरं मागून खातात. तळणाचा पदार्थ असल्याने रोजचा होऊ शकत नाही, पण 'हिरवं म्हणजे वाईट' ही गाठ सोडवायला त्याचा उपयोग होतो.

काळी कसदार

हरभऱ्याच्या भाजीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात लेकराला शिकवायला याच्यासारखी भाजी नाही. कडू नाही, बुळबुळीत नाही, किंचित आंबट आणि खारट. हिवाळाभर मिळते आणि वाळवली तर वर्षभर.

पेरणीपासून तीस ते चाळीस दिवसांत, फुलं यायच्या आधी शेंडे खुडायचे. वरचे दोन-तीन बोटं लांबीचे कोवळे शेंडे, नखाने सहज तुटतील तेवढेच. त्याने झाडाला फांद्या जास्त फुटतात, नुकसान होत नाही. फुलोऱ्यानंतर खुडलं तर घाटे कमी लागतात आणि पानही चरबरीत होतं. चरबरीत पान लेकरू खाणार नाही.

आंबटपणा पानावरच्या आम्लामुळे येतो, त्यात मॅलिक आम्ल मुख्य. काही जण म्हणतात भाजी धुवायची नाही, आंब जाते. शेत स्वतःचं असेल, एकही फवारणी झाली नसेल, तर ठीक. बाजारातली किंवा शेजारच्या शेतातली असेल तर धुवाच. ज्या लेकराला आंबट आवडत नाही त्याच्यासाठीही धुतलेलीच बरी.

करायची अशी: चिरलेली भाजी तीन वाट्या, ज्वारीच्या कण्या पाव वाटी (तासभर भिजवलेल्या), पाणी दोन वाट्या. कण्या आधी दहा मिनिटं शिजवा, मग भाजी टाका, आणखी आठ-दहा मिनिटं. वरून लसणाची फोडणी. कण्या नसतील तर ज्वारीचं पीठ दोन चमचे पाण्यात कालवून लावा. मीठ चाखूनच टाका, कारण पानाला स्वतःचा खारटपणा असतो.

वाळवताना ऊन नको. घरात, कापडावर पातळ पसरून तीन ते पाच दिवस, रोज एकदा हलवून. उन्हात वाळवली तर रंग उडतो आणि चवीला गवत होते. हातात चुरली की कुरकुर आवाज आला पाहिजे. थोडीही नरम असताना डब्यात भरली तर बुरशी धरते. किलोभर ओल्या भाजीची वाळून पाव किलोही भरत नाही, त्या हिशेबाने खुडा. करताना चार माणसांना दोन मुठी, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून.

आता महत्त्वाचं. घाटेअळीसाठी फवारणी झालेल्या हरभऱ्याची भाजी खुडायची नाही. औषधाच्या डब्यावरचा थांबण्याचा काळ सहसा दाणा काढण्याचा असतो, पाला खाण्याचा नसतो, त्यामुळे 'आठ दिवस झाले' हा हिशेब इथे चालत नाही. सरळ उपाय म्हणजे खाण्यापुरती दोन तासं (पिकाच्या ओळी) वेगळी ठेवा आणि त्यांच्यावर काहीच मारू नका. वाऱ्याच्या दिशेचा कडेचा पट्टा त्यासाठी निवडू नका.

कपाशी आणि सोयाबीनच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) तरोटा, घोळ, अंबाडी यांनाही हेच लागू. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, माणसं गेली, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तेच औषध धुऱ्यावरच्या पाल्यावरही पडतं. तणनाशक तर आणखी फसवं. मारल्यावर तीन-चार दिवस तण हिरवंगार दिसतं. जे औषध पानात शोषलं जातं ते धुऊन निघत नाही. फवारा कुठे झाला हे ठाऊक नसेल तर ती भाजी तोडू नका.

पळसफूल

तरोटा लेकरांना द्यावा का? पावसाळ्यात फुकट मिळतो, पण वास उग्र येतो.

सालईबन

देता येतो, पण सगळ्यात शेवटी आणि थोडा. पहिल्या पावसानंतर उगवलेल्या रोपांचे वीतभर उंचीच्या आतले शेंडे घ्या. नंतर पान जाड होतं आणि वास वाढतो. पानं उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पाणी फेका, पिळा, बारीक चिरा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि भरपूर कांदा-लसूण घालून परता. एका वेळी लेकराला दोन चमच्यांपेक्षा जास्त नको, कारण तरोटा पोट साफ करणारा आहे, जास्त झाला की जुलाब होतात.

ओळख पक्की हवी. तरोट्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि टोक गोलसर असतं. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा असतो, त्याला चार ते सहा जोड्या आणि टोक अणकुचीदार. कासविंद्याच्या बिया लेकरांना घातक आहेत. २०१६ मध्ये ओडिशाच्या मलकानगिरीत लहान मुलांच्या मृत्यूंचा संबंध तज्ज्ञांनी याच झाडाशी जोडला होता. लेकरांना एकट्याने रानभाजी तोडायला पाठवू नका.

मुनग्याची शेंग

मुनग्याच्या पाल्याबद्दल. लोक आख्खी काडी भाजीत टाकतात. पानांच्या मधली बारीक शीर काढली नाही तर ती शिजल्यावरही तारेसारखी राहते आणि घशाला टोचते. डहाळी कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी झटकली की पानं आपोआप गळतात, शिरा हाती राहतात.

सुरुवात चौघांच्या वरणात एक मोठा चमचा ताजी पानं टाकून करा. वरण उकळत असताना शेवटची पाच-सात मिनिटं. जास्त टाकली तर वरणाला कडसर झाक येते. चार-पाच वेळा वरण बिनबोभाट संपलं की दोन चमचे.

झाड उंच जाऊ दिलं की पाला हाती येत नाही. छातीएवढं झालं की शेंडा छाटा, बाजूला फुटवे येतात. जूनमध्ये हातभर लांबीची जाड फांदी वाफ्यात रोवली तरी लागते, पाणी मात्र साचू देऊ नका, बूड सडतं.

पांदणवाट

शाळेतल्या आहाराचंही सांगतो. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. घरी न खाणारी मुलं पंगतीत शेजारचा खातो म्हणून खातात, ही जमेची बाजू. पण खिचडीत पाला सुरुवातीलाच टाकला तर तासाभराने तो काळा लगदा होतो आणि मुलं कडेला काढून ठेवतात. तांदूळ-डाळ शिजल्यावर, आच बंद करायच्या पाच मिनिटं आधी चिरलेला पालक टाकून ढवळा. पाचवीपर्यंतच्या पन्नास मुलांना अडीच किलो भाजी होते, त्यातला निम्मा पाला असला तरी खिचडी हिरवी दिसत नाही, ठिपके दिसतात. ठिपक्यांना मुलं घाबरत नाहीत.

शाळेत काय खाल्लं ते घरी विचारून घ्या आणि तीच भाजी त्याच आठवड्यात घरी करा.

वैनगंगाकाठ

ताटाशी कसं वागायचं यावर थोडं.

भूक असेल तरच नवी चव घेतली जाते. पाच वाजता चहा-बिस्कीट, सहा वाजता दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट आणि साडेसातला जेवण, या वेळापत्रकात कोणतीही भाजी हरते. जेवणाआधी अडीच-तीन तास काही नको, पाणी चालेल. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. दुधावर पोट भरणाऱ्या लेकराची भूक मरते आणि लोहही कमी पडतं. चहा तर लेकरांना नकोच, निदान जेवणाआधी-नंतर तासभर तरी नको.

ताटात भाजी एक चमचा, बाजूला रोजची आवडती वस्तू. 'एक घास खा, मग चॉकलेट देतो' म्हटलं की लेकरू शिकतं की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट बक्षीस. जबरदस्तीने कोंबलेला घास उलटून पडला तर त्या भाजीचा तिटकारा वर्षानुवर्षं राहतो. खाल्लं नाही तर न बोलता ताट उचला, दोन दिवसांनी पुन्हा ठेवा. खाल्लं तरी फार कौतुक नको, त्यानेही दडपण येतं. घरातला मोठा माणूस स्वतःच भाजी बाजूला सारत असेल तर आधी त्याच्या ताटापासून सुरुवात करा.

सगळाच नखरा नसतो. लेकरू माती, खडू, कच्चे तांदूळ खात असेल, डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकट असेल, वजन वाढत नसेल किंवा प्रत्येक घट्ट पदार्थावर ठसका-उमासा येत असेल, तर आरोग्य केंद्रात न्या. पाच ते अकरा वर्षांत हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, तो नुसत्या पालकाने भरून निघत नाही. शाळेतली आठवड्याची लोहाची गोळी आणि जंताची गोळी चुकवू नका. आपल्याकडे, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागात, सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करून घ्याच. सिकलसेल असलेल्या लेकराला लोहाचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

पळसफूल

अंबाडी लोखंडी कढईत करावी म्हणजे लोह मिळतं असं ऐकलं. खरं का?

चुलीपाशी

लोह उतरतं हे खरं, आंबट पदार्थात जास्तच. पण अंबाडी काळी पडते आणि तोंडात लोखंडी चव राहते. जो आधीच नाक मुरडतो त्याला ती चव देऊ नका. सवय होईपर्यंत स्टीलचं पातेलं. लोखंडी कढईत मेथी, चवळाई करा. अॅल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ अंबाडीला मुळीच नको, आम्लाने धातू सुटतो.

अंबाडीची निवडलेली पानं चार वाट्या, भरपूर पाण्यात सात-आठ मिनिटं उकळून, पाणी फेकून, घट्ट पिळून घ्या. तूरडाळ अर्धी वाटी आणि ज्वारीच्या कण्या पाव वाटी मऊ शिजवा, त्यात पाला घोटा, सुपारीएवढा गूळ, मीठ. वरून कच्चं नाही, लसूण तळलेलं तेल. पहिल्यांदा एवढ्या डाळीला एकच वाटी पाला घ्या. पिळायला आळस केला तर आंबटपणा असा राहतो की मोठ्यांनाही गूळ पुरत नाही.

काळी कसदार

भेंडीचा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. तिचा चिकटपणा पाण्यात सुटतो. धुऊन, पुसून, अर्धा तास वाऱ्यावर ठेवून मग चिरा, तुकडे बोटाच्या पेराएवढे मोठे ठेवा. झाकण नाही, मीठ शेवटी, परतताना दोन चमचे आंबट ताक किंवा थोडा चिंचेचा कोळ. लेकराला शिकवायची भेंडी टोक मोडून पाहिल्यावर कट्‍कन तुटणारीच हवी.

मुनग्याची शेंग

परसात लेकराच्या हाताने एक वाफा लावून घ्या, हात लांब-रुंद पुरे. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून ओळीत टाकले की पंचवीस-तीस दिवसांत भाजी निघते, पालक साधारण महिन्यात. न्हाणीचं साबणाचं पाणी पालेभाजीला सोडू नका. कोंबड्या पहिल्याच आठवड्यात वाफा साफ करतात, म्हणून बाभळीच्या काट्या आधी, बी नंतर. तोडणी आणि निवडणं लेकराकडेच द्या. जी भाजी हाताळली आहे ती तोंडात घ्यायला ते कमी घाबरतं.

पांदणवाट

एक शंका राहिली. मार्चनंतर पालेभाजी बाजारात येते ती महाग आणि मरगळलेली. तोवर लागलेली सवय पावसाळ्यापर्यंत मोडते. मधल्या तीन महिन्यांत काय करायचं?

धुऱ्यावरची बोर

वाळवलेली हरभऱ्याची भाजी आठवड्यातून एकदा, मुनग्याचा पाला वरणात एकदा, आणि चिवळ मिळेल तेव्हा. चिवळ उन्हाळ्यात ओलिताच्या जागी येते आणि आठवडी बाजारात ढिगाने मिळते. चव किंचित आंबट, पान इवलंसं, त्यामुळे चोथा लागत नाही. तिच्यात एकच अडचण आहे, माती. मुळं आणि जाड दांड्या खुडून भाजी मोठ्या पातेल्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि हाताने वर उचलून घ्या. पातेलं उलटं करून पाणी गाळलं तर तळाची रेती पुन्हा भाजीवर येते. असं तीनदा, तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत. मग तीन वाट्या चिवळीला अर्धी वाटी भिजवलेली मुगाची डाळ, एक कांदा, लसूण. डाळ बोटाने फुटेपर्यंत आधी शिजवून घ्या, चिवळ वर सांगितल्यासारखी उकळून, पिळून नंतर टाका, तिला पाच मिनिटं पुरतात.